गुरुवारची मॅच

"आलं का?" छपरावरून वॉल्ट ओरडला.

मार्सेलाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर काढलेली मान आत घेतली आणि पुढच्या खोलीतल्या टीव्हीकडे पाहिलं. पडदा निळाच होता.

"नाही."

"आता?"

पडद्यावर एका बाईचा चेहरा चौकोन चौकोन होऊन उमटला, अर्धा हसला आणि विरून गेला.

"आलं होतं. गेलं."

"अँटेना कुणीकडे वळवला तेव्हा आलं?"

"मला काय माहीत तू कुणीकडे वळवलास? मी आत आहे, वॉल्ट."

छपरावर बूट सरकल्याचा आवाज झाला. धुराड्याला बांधलेला लोखंडी खांब कुरकुरला. एमिल खुर्चीत बसून छताकडे बघत होता. त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडलेला होता. डाव्या हातात त्याने केबलच्या डब्याचा रिमोट धरून ठेवला होता. डबा मार्सेलाने सकाळीच काढून दाराशी पिशवीत ठेवला होता. रिमोट मात्र त्याच्या हातून सुटला नव्हता.

या खोऱ्यात टीव्हीला हवेतून काही मिळत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. चारी बाजूंनी डोंगर. म्हणून तर पेनसिल्वेनियातल्या या कोळशाच्या गावांत केबल आली ती मोठमोठ्या शहरांच्याही आधी. डोंगरमाथ्यावर एक उंच मनोरा आणि तिथून घराघरांत उतरलेल्या तारा. पण वॉल्टचं म्हणणं, ते दिवस गेले. आताचे अँटेने वेगळे, खांब उंच लावला की डोंगरावरूनही पकडतात. वॉल्ट हा एमिलच्या बहिणीचा मुलगा. शाळेची बस चालवून निवृत्त झालेला, साठीचा गडी, आणि कुणाच्याही घरी शिडी लावायला एका पायावर तयार.

"आता बघ, मामी!"

चित्र आलं, आणि असं आलं की मार्सेला दचकली. बातम्या देणाऱ्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या मोजता आल्या असत्या. त्याच्यामागच्या नकाशावर पाऊस निळा निळा चमकत होता.

"आलं," ती म्हणाली. मग खिडकीशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "आलं, वॉल्ट. हात लावू नकोस आता."

वॉल्ट खाली आला तेव्हा त्याचे गुडघे डांबराने काळे झाले होते. त्याने मामाच्या शेजारी उकिडवं बसून नवा रिमोट त्याच्या हातात दिला आणि एकेक चॅनल दाखवायला सुरुवात केली. इथे बातम्या. इथे जुने काउबॉयचे सिनेमे. इथे रविवारची प्रार्थना. सगळं फुकट, मामा. हवेतून.

एमिलने ऐकून घेतलं. मग नवा रिमोट मांडीवर ठेवला, जुना उचलला आणि अंगठ्याने दोन आकडे दाबले. टीव्ही ढिम्म. त्याने पुन्हा दाबले.

"मामा, तो आता चालणार नाही. हा घे."

"हो ना," एमिल म्हणाला.

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याच्याजवळ एवढेच दोन शब्द उरले होते. भूक लागली तरी हो ना, दुखलं तरी हो ना, नको असलं तरी हो ना. स्वर बदलायचा, तेवढंच. आताचा स्वर मार्सेलाला कळला. तिने टेबलावरचं फडकं उचललं आणि टीव्हीच्या काचेवरची धूळ पुसायला घेतली.

"काय हवंय त्याला?" वॉल्टने हळूच विचारलं.

"काही नाही. सवय आहे. जाईल."

तिने वॉल्टला कोबी घातलेल्या नूडल्सची थाळी वाढली. तो उभ्यानेच खाऊन गेला. जाताना केबलचा डबाही कंपनीत परत द्यायला घेऊन गेला, तेवढाच तिचा हेलपाटा वाचला.

*

सवय गेली नाही. सकाळी कपडे घालून खुर्चीत बसवलं की एमिल जुना रिमोट शोधायचा. मार्सेलाने तो खणात ठेवला तर खणाकडे बोट दाखवत राहायचा. शेवटी तिने तो त्याला देऊन टाकला. तो ते दोन आकडे दाबायचा, थांबायचा, पडद्याकडे बघायचा. पडद्यावर कुणी स्वयंपाक करत असे, कुणी घर विकत असे. तो पुन्हा दाबायचा.

तिने वॉल्टला फोन केला. तो आला, पुन्हा छपरावर चढला, खांब जरा पूर्वेला फिरवला. दोन चॅनल वाढले, एक गेलं. एमिलने पडद्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"त्याला ते आपल्या गावचं चॅनल हवं असेल, मामी," वॉल्ट शिडी गाडीवर बांधताना म्हणाला. "केबलवाल्यांचं ते. चर्च, शाळा, कोण वारलं, कोणाच्या हॉलमध्ये जेवण. पण ते हवेत नाहीच ना. ते फक्त तारेतून यायचं. त्याला अँटेना काय करणार?"

"मी कुठे म्हटलं तुला काही?"

"तसं नाही गं. मला आपलं वाईट वाटतं."

लोरेनचा रविवारी फोन आला. मुलगी कॅरोलायनात राहायची, दर रविवारी चर्चहून आली की फोन करायची.

"आई, केबल कशाला काढलीस? बाबांना तेवढीच एक करमणूक होती."

"बिल पुन्हा वाढवलं त्यांनी."

"मी भरते म्हटलं होतं ना मागेच? तू ऐकत नाहीस."

"तुझे तुला काय कमी खर्च आहेत? आणि अँटेन्याचं चित्र इतकं स्वच्छ येतं, तू बघायला हवंस. चित्र कसं, आरशासारखं."

"बाबा बघतात?"

मार्सेलाने खोलीत पाहिलं. एमिलचे डोळे मिटलेले होते, अंगठा हलत होता.

"बघतात," ती म्हणाली.

गुरुवार सगळ्यांत कठीण. गुरुवारी दुपारी जेवण झालं की एमिल डाव्या पायाने जमीन रेटत चाकाची खुर्ची टीव्हीच्या जवळ नेऊ लागायचा. तिने मदत केली नाही तरी तो पोचायचा, गालिच्यात चाक अडकलं तरी पोचायचा. मग ते दोन आकडे. पहिल्या गुरुवारी त्याने दुपार मावळेपर्यंत ते दाबले. दुसऱ्या गुरुवारी रिमोट फेकला. तो फार लांब गेला नाही, त्याच्याच पायांपाशी पडला, आणि वाकून उचलता येईना म्हणून तो तिथेच त्याच्याकडे बघत बसला. मार्सेला दारात उभी होती. तिने तो उचलून दिला. त्या रात्री त्याने सूप घेतलं नाही. चमचा ओठांशी आला की तो ओठ घट्ट मिटायचा. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या पट्ट्याला पुढचं भोक लागलं.

*

पेग डोलन समोरच्या घरात राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन्ही घरांच्या पायऱ्या समोरासमोर, त्यामुळे एकीने कचरा बाहेर ठेवला की दुसरीला कळायचं. ती मनुका घातलेला ब्रेड घेऊन आली आणि तो ओट्यावर ठेवताना म्हणाली,

"एमिल किती वाळलाय गं."

"खात नाही."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"त्यांना काय, म्हणतात नवी औषधं बघू."

पेगने पुढच्या खोलीत डोकावून पाहिलं. एमिल खिडकीकडे तोंड करून बसला होता. टीव्ही चालू होता. परत येऊन ती टेबलाशी बसली आणि आवाज उतरवून म्हणाली, "मला एक वाटतं, बघ हं. रागावू नकोस. गावच्या चॅनलवर गुरुवारी ते शाळेच्या जुन्या फुटबॉल मॅच दाखवतात ना? आपली शाळा बंद होऊन शेजारच्या गावात गेल्यापासून दाखवतात. मागे एकदा तुमच्या केनीचीही दाखवली होती. थँक्सगिव्हिंगच्या सकाळची. मी म्हटलं तुला सांगावं, पण मग वाटलं, कशाला. तर एमिलला म्हणजे तेच बघायचं असेल. तुला माहीत नसेल—"

मार्सेला एमिलची न खाल्लेली थाळी खरवडत होती. सुरी थाळीवर फिरत राहिली, खरवडायला काही उरलं नव्हतं तरी.

"माहीत आहे," ती म्हणाली.

पेगने स्वतःच ब्रेड कापला, एक तुकडा मार्सेलापुढे सरकवला आणि ती दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलू लागली.

मार्सेलाला माहीत होतं. आदल्या वर्षीच्या एका गुरुवारी ती एमिलला सूप भरवत होती आणि पडद्यावर पोरं चिखलात एकमेकांवर आदळत होती. तिचं लक्ष चमच्याकडे होतं. मग एक मुलगा मैदानाबाहेर आला, लंगडत. त्याने हेल्मेट काढलं, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, थुंकला, आणि बाहीने नाक पुसत सरळ तिच्याकडे पाहिलं. एवढंच. मॅचचं वर्णन सांगणाऱ्याने केनीचं आडनाव हुडाकच्या ऐवजी भलतंच काहीतरी उच्चारलं. मार्सेलाने एमिलच्या छातीवर सांडलेलं सूप पुसलं, वाटी मोरीत ठेवली आणि ती तळघरात गेली. तिथे तिने वॉशिंग मशीन सुरू केलं. आत दोनच टॉवेल होते.

त्या मॅचनंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात डोंगराच्या वळणावर केनीची गाडी बर्फावरून घसरली होती.

दफन झाल्यावर एमिल कारखान्यात परत गेला. लोखंडी दोर वळायचं काम, दुपारपासून रात्रीपर्यंतची पाळी. त्याने केनीचं नाव पुन्हा घेतलं नाही. मार्सेलाने घेतलं की तो टोपी घालून गॅरेजमध्ये जायचा. सुरुवातीला ती त्याच्या मागे जायची. तिथे तो खिळे वेगळे करत बसलेला असे, लहान एका डब्यात, मोठे एका डब्यात. एका शनिवारी ती बहिणीकडे गेली होती. परत आली तो वरच्या, केनीच्या खोलीच्या भिंती पांढऱ्या झालेल्या, पलंग मोडून भिंतीला टेकवलेला, आणि एमिल ब्रश धूत होता. त्यानंतर हळूहळू तिनेही नाव घेणं सोडलं. सोडायला काही वर्षं लागली. पण एकदा सोडल्यावर ते सुटलं. तीस वर्षांत तिने स्वतःला तशी शिस्तच लावून घेतली.

आणि आता हा माणूस दर गुरुवारी खुर्ची रेटत टीव्हीशी जाऊन बसायचा. आता, तोंडात शब्द उरला नाही तेव्हा. ती दर गुरुवारी दुपारी तळघरात जायची आणि मशीन लावायची. मशीनच्या आवाजातूनही शिट्टी ऐकू यायची. कधी कुठल्या वर्षाची मॅच लागेल याचा नेम नसायचा. वर येऊन बघायची तिची छाती नव्हती. पुढे केबलचं बिल वाढून आलं आणि तिने वॉल्टला फोन केला.

बिल खरंच वाढलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

*

केबल कंपनीचं ऑफिस खालच्या गावातल्या बाजारात होतं, नखं रंगवायच्या दुकानाच्या शेजारी. मार्सेलाने पेगला एमिलजवळ बसवलं आणि ती गाडी घेऊन गेली. काउंटरवर एक हसतमुख मुलगी होती.

"मला पूर्वीचंच परत चालू करायचंय," मार्सेला म्हणाली. "हुडाक. टेकडीखालची गल्ली."

मुलीने नाव शोधलं. "मिळालं, आजी. पण तुमचं जुनं कनेक्शन आता आम्ही नव्याने देत नाही. आता सगळं इंटरनेटवरून येतं. त्यात भरपूर आहे बघा, फोनसुद्धा—"

"त्यात गावचं चॅनल येतं का? जुन्या मॅच दाखवतात ते?"

मुलगी पडद्याकडे बघत राहिली, मग उठून आत कुणाला तरी विचारून आली.

"नाही येत. ते फक्त जुन्या डब्यांवर चालतं. ज्यांच्याकडे अजून ते आहेत त्यांना दिसतं, त्यांचे डबे बंद पडेपर्यंत."

"मग मला जुना डबा द्या. आमचाच द्या. इथेच आणून दिलाय माझ्या भाच्याने."

"ते आम्ही ठेवत नाही, आजी. भंगारात जातात."

"माझा गेला?"

"गेलाच असेल."

"तुमच्याकडे कुणी मोठे साहेब असतील तर त्यांना—"

"साहेबांनाच विचारून आले मी," मुलगी म्हणाली. ती खरोखरच ओशाळली होती. "माझ्या हातात असतं तर दिला असता हो."

मार्सेलाने मान हलवली. मागे एक माणूस उभा होता, त्याला वाट द्यायला ती बाजूला झाली, आणि मग कुठे जायचं ते न सुचून तिथेच भिंतीशी उभी राहिली. भिंतीवर मोठा टीव्ही होता. त्यात समुद्र दिसत होता, आणि समुद्रात मासे.

घरी आली तेव्हा पेग एमिलच्या समोर स्टूलवर बसली होती आणि पुडिंगचा चमचा त्याच्या तोंडापाशी धरून होती.

"एक घास गेला," पेग म्हणाली. "काय झालं?"

मार्सेलाने कोट काढला आणि खुंटीला लावला. तो पडला. तिने उचलून पुन्हा लावला.

"देत नाहीत."

"पैसे जास्त मागतात?"

"पैशांचं काही नाही. तो डबाच नाही त्यांच्याकडे. तुझ्याकडे आहे, तसला."

पेगने चमचा वाटीत ठेवला. "अगं बाई. मग माझ्याकडचा काढून घे. मला काय करायचंय?"

"तो इथे चालायचा नाही. मी विचारलं."

"मग एमिललाच तिकडे आणू," पेग म्हणाली. "गुरुवारी. रस्ता ओलांडायचा तर आहे. वॉल्टला फळी आणायला सांग, पायऱ्यांवर टाकायला."

एमिल पेगकडे बघत होता. मग त्याने मार्सेलाकडे पाहिलं. तिने नजर काढून घेतली आणि वाटी उचलली.

"बघू," ती म्हणाली.

*

गुरुवारी वॉल्टने फळी आणली. एमिलला कोट घातला, टोपी घातली, पायांवर कांबळं टाकलं. रस्त्यावर वॉल्टने हात करून एक ट्रक थांबवला, जणू शाळेची पोरं उतरत होती. पेगच्या पायऱ्यांवर फळी वाकली आणि वॉल्ट म्हणाला, "मामा, तू वाळलायस ते बरंच झालं आज." एमिलने "हो ना" म्हटलं, आणि कितीतरी दिवसांनी तो स्वर हसरा होता.

पेगची पुढची खोली लहान होती. एमिलला टीव्हीसमोर बसवून वॉल्ट निघून गेला. पेगने चॅनल लावलं. अजून चर्चच्या पेस्ट्री विक्रीची जाहिरात चालू होती, मागे ऑर्गन वाजत होता.

"बस ना," पेगने सोफ्यावरची उशी थोपटली.

"कप विसळते," मार्सेला म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

तिने नळ सोडला. पुढच्या खोलीत बँड वाजला, पोरांचा गलका झाला, शिट्टी झाली. तिने कप धुतले, बशा धुतल्या, फडक्यावर उपड्या घातल्या, आणि पुन्हा पहिल्या कपाकडे वळली. पेग दारात येऊन उभी राहिली.

"ती भांडी स्वच्छच होती गं."

मार्सेलाने नळ बंद केला. दारातून पडद्याचा एक कोपरा दिसत होता. त्या कोपऱ्यातून एक मुलगा पळत गेला. त्याच्या निळ्या जर्सीच्या बाहीवर पांढरे पट्टे होते.

ती हात पुसत दारापर्यंत आली आणि नीट बघत राहिली. केनीच्या वेळी बाह्या साध्या होत्या. पट्टे पुष्कळ नंतर आले. दर शनिवारी चिखल काढून तिने ती जर्सी वाळत घातली होती. बाहीवर एक रेघही नव्हती.

"ही त्याची नाही," ती पेगला हळूच म्हणाली.

"नाही?"

"नंतरच्या पोरांची आहे. पुष्कळ नंतरच्या."

पेगचा चेहरा पडला. "आणि आपण याला एवढं उचलून आणलं. पुढच्या गुरुवारी—"

तेवढ्यात एमिलने आवाज केला. शब्द नव्हता तो. मार्सेला पुढे झाली. खुर्ची त्याने रेटत इतकी पुढे नेली होती की त्याचे गुडघे टीव्हीच्या टेबलाला लागले होते. डावा हात पुढे करून तो पडद्यावरच्या एका मुलाकडे बोट दाखवत होता. मुलगा मैदानाच्या कडेला येऊन उभा होता. त्याने हेल्मेट काढलं. लाल केस घामाने कपाळाला चिकटले होते, नाकावर ठिपकेच ठिपके. केनीचे केस काळे होते, एमिलसारखे.

एमिलने मान वळवून मार्सेलाकडे पाहिलं. त्याच्या तोंडाचा एकच कोपरा वर गेला, कारण तेवढाच जाऊ शकत होता. डोळे मात्र पूर्ण उघडे होते. त्याने पुन्हा पडद्याकडे बोट केलं आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं. तो विचारत होता.

"अरे, हा तर डोनाह्यूंचा," मागून पेग म्हणाली, "धाकटा. तो हल्ली—"

"पेग," मार्सेला म्हणाली, "कॉफी टाकतेस का जरा?"

पेग थांबली. मग आत गेली.

केनीची मॅच थँक्सगिव्हिंगच्या सकाळी होती. एमिल त्या दिवशी कामावर होता. सणाच्या दिवशी दुप्पट मजुरी मिळायची म्हणून तो सकाळची पाळीही मागून घ्यायचा. शुक्रवार संध्याकाळच्या मॅच तर त्याच्या पाळीतच यायच्या. मुलाला मैदानावर खेळताना त्याने कधी पाहिलं नव्हतं. मार्सेलाला हे ठाऊक होतंच, पण टीव्हीसमोरच्या या खुर्चीशी तिने ते कधी जोडलं नव्हतं. दर गुरुवारी ती तळघरात उभी असायची तेव्हा वर हा माणूस कुठल्याही वर्षाच्या, कुणाच्याही पोरांमध्ये शोधत बसलेला असायचा. दर गुरुवारी त्याला कुणी ना कुणी सापडत असेल. आणि विचारायला खोलीत कुणी नसेल.

तिने पेगच्या जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी लावली.

"हो," ती म्हणाली. "दिसला मला."

एमिलने हात खाली घेतला.

"दमलाय. बघ ना, कसा धापा टाकतोय." तिने खुर्ची आणखी जवळ सरकवली. "त्या दिवशी फार थंडी होती. हाताची बोटं वाकत नव्हती माझी. मी तिकडे वरच्या बाकावर बसले होते, पेगच्या नवऱ्याशेजारी. त्याच्याकडे थर्मास होता."

लाल केसांचा मुलगा परत मैदानात गेला. एमिलचं बोट त्याच्या मागे मागे फिरत राहिलं.

"सकाळी काही खाल्लं नव्हतं केनीने," मार्सेला म्हणाली.

नाव तिच्या तोंडून निघालं आणि तिने एमिलकडे पाहिलं. त्याची टोपी डोक्यावरच होती. तो कुठेही गेला नाही. जाऊ शकत नव्हता हे तिला कळत होतं, तरीही ती क्षणभर थांबली. तो वाट बघत होता.

"मी म्हटलं, अंडं तरी खा. तर म्हणाला, पोटात कालवतंय. दूध प्यायला फक्त. दारात बूट बांधत बसला होता, आणि मग म्हणाला—"

त्या सकाळी केनीने बुटाची नाडी ओढता ओढता, मान वर न करता विचारलं होतं: बाबा येणारेत का? ती म्हणाली होती, जमलं तर येतील. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. एमिलसाठी राखून ठेवलं होतं ते. गॅरेजच्या दारात उभी असताना, पांढऱ्या भिंती बघताना, किती वेळा ते तिच्या जिभेवर आलं होतं. एकदा सांगितलं की या माणसाच्या हातातले खिळे खाली पडतील, हे तिला माहीत होतं.

एमिल तिच्या तोंडाकडे बघत होता.

"म्हणाला, जाकीट नको, गरम होतं," मार्सेला म्हणाली. "त्या थंडीत. तुझ्यासारखाच. तूही ऐकायचा नाहीस."

"हो ना," एमिल हळू आवाजात म्हणाला.

पेगने कॉफी आणून ठेवली आणि ती मागे भिंतीशी बसली. मॅच चालू राहिली. लाल केसांच्या मुलाला दोघातिघांनी खाली पाडलं तेव्हा एमिलने मार्सेलाचं मनगट धरलं. मुलगा उठून उभा राहिला तेव्हा सोडलं. मार्सेला सांगत राहिली. मॅचनंतर चिखलाचे बूट केनीने टबमध्ये कसे धुतले आणि टब कसा तुंबला. टर्कीची तंगडी त्याने कुणाला विचारल्याशिवाय कशी तोडून नेली. काही आठवून, काही चुकत, मधलं एखादं आपल्या मनचं घालून. मधूनमधून ती पडद्याकडे बोट करायची, "हा बघ, इथे," आणि एमिल मान हलवायचा. मध्येच तिने पेगने कापून ठेवलेला ब्रेड कॉफीत बुडवून त्याच्या ओठांशी नेला. त्याने डोळे पडद्यावरून न काढता तोंड उघडलं.

शेवटची शिट्टी झाली. आपल्या गावची पोरं हरली होती. ती मान खाली घालून रांगेने मैदानाबाहेर गेली, आणि पुन्हा ऑर्गन वाजू लागला.

वॉल्टची गाडी बाहेर येऊन थांबली. मार्सेला वाकून एमिलच्या कोटाची बटणं लावू लागली. खालून वर, एकेक.

"मी कंपनीत फोन करून विचारते," पेग तिच्या कानाशी म्हणाली. "केनीची पुन्हा कधी लावणार आहेत ते. माझ्याकडे डबा आहे, मला सांगतील. म्हणजे नेमक्या त्याच गुरुवारी आणता येईल."

एमिल अजून पडद्याकडेच बघत होता. तिथे आता कुणाच्या तरी अंत्यसंस्काराची वेळ लिहून आली होती.

"नको विचारूस," मार्सेला म्हणाली. तिने गळ्याशी शेवटचं बटण लावलं आणि कॉलर सरळ केली. "कुठलीही चालेल."